सोंगाचा मान : बोहाडा आणि सहभागकलेच्या दस्तऐवजीकरणाचा प्रश्न

‘मांडणशिल्प’ ही संज्ञा मराठी कलासमीक्षेत रुळली त्याला फार काळ लोटलेला नाही. भिंतीवर टांगता येईल किंवा चौथऱ्यावर ठेवता येईल अशी सुटी वस्तू निर्माण करण्याऐवजी एखादा अवकाशच कलाकृती म्हणून रचावा आणि प्रेक्षकाने त्यात वावरावे, असा तिचा स्थूल अर्थ आहे. प्रेक्षकाने नुसते वावरायचे नसून ती मांडणी घडविण्यास हातही लावायचा असेल, तर तिला ‘सहभागकला’ असे म्हटले जाते. योझेफ बॉइस या जर्मन शिल्पकाराने १९८२ मध्ये कासेल शहरातील संग्रहालयासमोर बसॉल्टच्या सात हजार शिळांचा ढीग रचला. शहरात कोठेही एक झाड लावले गेले की ढिगातील एक शिळा त्या झाडाशेजारी रोवावयाची, असा संकेत होता. ढीग कमी होत जाणे हीच कलाकृती पूर्ण होत असल्याची खूण होती. बॉइस १९८६ च्या जानेवारीत वारला. ढीग त्याच्या पश्चात, १९८७ मध्ये संपला. या कलाकृतीला निराळ्या नोंदवहीची गरज पडली नाही, कारण प्रत्येक झाडापाशी उभी असलेली शिळा हीच तिची नोंद होती.

पण असे भाग्य बहुतेक सहभागकृतींच्या वाट्याला येत नाही. त्या घडतात आणि विरतात. मागे उरतात काही छायाचित्रे, काही वस्तू आणि भाग घेतलेल्यांच्या आठवणी. यांतून त्या कृतीचा वारसा कसा नोंदवावा आणि कोणाच्या हाती द्यावा, हा प्रश्न कलेतिहासापुढे गेल्या काही दशकांत उभा राहिला. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला मात्र तो पूर्वीपासूनच पडलेला आहे, किंबहुना पडावयास हवा होता. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पश्चिमेकडील अकोले तालुक्यातील डोंगराळ भागात होणारा ‘बोहाडा’ हा या दृष्टीने विचारात घेण्याजोगा प्रकार आहे.

बोहाड्याला मांडणशिल्पाच्या पंक्तीला बसविणे काहीसे ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. तो देवीचा उत्सव आहे. त्यात भाग घेणाऱ्या महादेव कोळी, ठाकर, कोकणा, वारली आदी समाजांच्या दृष्टीने ते देवकार्य आहे. ‘कला’ हा शब्द तेथे बाहेरच्याने नेलेला आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. तरीही ही तुलना अगदी निष्फळ ठरत नाही. गावातील वाट, दोन्ही बाजूंची घरे, देवीचे ठाणे, उजेड, वाद्ये, मुखवटे आणि जागणारा समुदाय या साऱ्यांची मिळून एक रचना होते. तिच्यात अमुक भाग रंगभूमीचा आणि अमुक प्रेक्षागृहाचा अशी रेघ ओढता येत नाही. शिवाय ती रचना कोणा एकाची निर्मिती नसते.

बोहाड्याचा प्रदेश जव्हार, मोखाडा, विक्रमगड येथपासून पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी यांतून अकोल्यापर्यंत पसरलेला आहे. ‘भोवाडा’, ‘भवाडा’ आणि काही ठिकाणी ‘आखाडी’ अशी त्याची नामांतरे आढळतात. व्युत्पत्तीचा वाद येथे बाजूस ठेवलेला बरा. चैत्र-वैशाखात, शेतीची कामे थंडावलेली असताना आणि पावसाला अवकाश असताना, हा उत्सव होतो. काळाची ही निवड अर्थपूर्ण आहे. अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यातील अनेक कुटुंबे मजुरीसाठी जुन्नर-नारायणगावच्या बागायती भागात आणि नाशिककडे जातात. उत्सव म्हणजे गाव पुन्हा गावात येण्याचा प्रसंग असतो.

रात्र पडल्यावर सोंगे निघू लागतात. पहिला मान गणपतीचा, त्यापाठोपाठ सरस्वती. पुढे खंडेराव, भैरव, वेताळ, नरसिंह, त्राटिका, बकासुर, भीम, अनेक मुखांचा रावण अशी पुराणांतील, रामायण-महाभारतातील आणि गावदेवतांच्या परिवारातील सोंगे एकामागून एक येत राहतात. ‘बावन्न सोंगे’ असा शब्दप्रयोग रूढ असला तरी प्रत्यक्ष संख्या गावागणिक कमीअधिक असते. बावन्न हा आकडा बावन्न वीर, बावन्न पुऱ्या यांच्या जातीचा, पूर्णतेचा द्योतक असावा, असे मानण्यास जागा आहे. पहाटे देवी निघते. घराघरांपुढे स्त्रिया आरती घेऊन उभ्या असतात. शेवटी देवी व महिषासुर यांचे युद्ध होऊन असुराचा वध होतो आणि उत्सव संपतो. गणपती-सरस्वतीच्या प्रवेशाचा हा क्रम कोकणातील दशावताराच्या पूर्वरंगाशी ताडून पाहण्यासारखा आहे. तेथेही गणपतीमागून सरस्वती येते, आणि नंतर संकासुराच्या रूपाने असुर अवतरतो. दशावतारात मात्र पात्रे बोलतात. बोहाड्यातील सोंग प्रायः मूक असते. त्याच्या वतीने बोलतात ती संबळ आणि पिपाणी. प्रवेशाच्या वेळी सूत्रधार किंवा गाणारे चार शब्द म्हणतात, तेवढेच.

मराठीच्या अभ्यासकांची अडचण या मूकपणापासूनच सुरू होते. आपल्या विद्याशाखेची सवय संहितेची आहे. दुर्गा भागवतांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ने १९५६ मध्ये लोकसाहित्याच्या अभ्यासाला शास्त्रीय चौकट दिली, सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने मोठे संकलन सिद्ध केले आणि प्रभाकर मांडे यांनी लोकरंगभूमीकडे अभ्यासाची दिशा वळविली. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु विद्यापीठांतून होणाऱ्या प्रबंधलेखनात, विशेषतः एम. फिल.च्या प्रबंधिकांत, एक ठरावीक साचा तयार झाला. गाणी उतरवून घ्यावयाची, विषयवार लावावयाची, अलंकार व रस शोधावयाचे आणि गाणाऱ्यांची नावे ऋणनिर्देशाच्या अखेरच्या परिच्छेदात, मार्गदर्शक आणि टंकलेखक यांच्या मध्ये कोठे तरी बसवावयाची. या साच्यात बोहाडा घातला तर हाती येतात दोनतीन पाने. ज्या कृतीत रात्रभर शेकडो माणसे गुंतलेली असतात तिची संहिता एवढीशीच निघते, याचे आश्चर्य वाटावयास हवे. प्रत्यक्षात निष्कर्ष असा काढला जातो की वाङ्मयीन दृष्ट्या हा प्रकार ‘अविकसित’ आहे. ही उणीव प्रकाराची नसून साच्याची आहे.

मानवशास्त्राची आणि संग्रहालयांची सवय याच्या उलट वस्तूची आहे. तेथे मुखवटा महत्त्वाचा. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय असो की अन्य संग्रह, मुखवट्याखालच्या पाटीवर साधारणपणे त्याचे नाव, जमात, प्रदेश आणि माध्यम एवढी माहिती असते. मुखवटे हलक्या लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात. जव्हारजवळील रामखिंड हे गाव कागदी मुखवट्यांच्या कारागिरीसाठी परिचित आहे. अलीकडे फायबरचेही मुखवटे आले आहेत. हे तपशील उपयुक्त आहेत. पण काचेआडचा मुखवटा पाहणाऱ्याला हे कळत नाही की त्याची चाल कोणती. बोहाड्यात प्रत्येक सोंगाची वाजविण्याची चाल आणि तिला धरून पदन्यास ठरलेला असतो. जाणता माणूस अंधारात नुसत्या संबळावरून पुढे कोणते सोंग येत आहे ते सांगू शकतो. या अर्थाने मुखवट्याचा अर्धा भाग ध्वनीचा असतो आणि तो संग्रहालयात पोहोचलेलाच नसतो.

उरलेल्या भागातला मोठा वाटा ‘माना’चा आहे. कोणते सोंग कोणी घ्यावयाचे हे बोहाड्यात नटाच्या आवडीवर किंवा निवडीवर अवलंबून नसते. पुष्कळ ठिकाणी विशिष्ट सोंग विशिष्ट घराण्याकडे वंशपरंपरेने चालत येते. काही गावांत सोंगांचा लिलाव होतो आणि त्यातून उत्सवाचा खर्च निघतो. नवसामुळेही सोंग घेतले जाते. मान म्हणजे केवळ प्रतिष्ठा नव्हे. मुखवटा वर्षभर सांभाळणे, त्याची डागडुजी करणे, आपल्या घरात कोणी नाचू शकत नसल्यास दुसरा माणूस उभा करणे ही त्यामागची जबाबदारी आहे. देवीचे सोंग घेणाऱ्याला तर व्रतस्थ राहावे लागते. सोंगांच्या या वाटपातून गावाचा एक सामाजिक नकाशाच उलगडतो. कोणाकडे कोणते सोंग, वाजविणारे कोणत्या समाजाचे, वाटेत कोणत्या घरापुढे थांबावयाचे, स्त्रियांची सोंगेही पुरुषच घेत असता स्त्रियांचा वाटा आरतीपुरताच की मुखवट्याच्या वर्षभराच्या निगराणीतही, या प्रश्नांची उत्तरे गाण्याच्या वहीत नसतात आणि मुखवट्याच्या मागील बाजूसही लिहिलेली नसतात. सहभागकला म्हणून बोहाड्याचे जे वैशिष्ट्य, ते नेमके याच ठिकाणी आहे; आणि दस्तऐवजीकरणात सर्वांत आधी गळते ते हेच.

उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात सलूर-डुंग्रा या जोडगावांत होणाऱ्या ‘रम्माण’ या मुखवटा-उत्सवाचे उदाहरण येथे मार्गदर्शक ठरते. युनेस्कोने २००९ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक सूचीत त्याचा समावेश केला. त्या नोंदीत रामकथेच्या गायनाचा व मुखवट्यांचा उल्लेख आहे, तसाच भूमियाळ देवता वर्षभर ज्या कुटुंबाकडे राहते त्याला कडक दिनक्रम पाळावा लागतो याचाही आहे. नरसिंहाचा मुखवटा धारण करण्याचा अधिकार फक्त भंडारींना असतो, हेही तेथे नोंदलेले आहे. थोडक्यात, कामांची आणि अधिकारांची वाटणी हा त्या वर्णनाचा गाभा आहे. अशा सूचींमुळे उत्सवाचे प्रदर्शनात रूपांतर होते, हा आक्षेप खोटा नाही. पण वर्णन कशाचे करावयाचे याविषयीची त्या नोंदीची जाण आपल्याकडील बहुतेक पाट्यांहून पुढची आहे, हे मान्य करावे लागेल.

नोंदीचा दुसरा आदर्श महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. पुण्याच्या ‘सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ या संस्थेतर्फे हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनी ग्रामीण स्त्रियांच्या जात्यावरील ओव्यांचे संकलन अनेक वर्षे केले. एक लाखाहून अधिक ओव्या त्यातून जमा झाल्या. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. पॉइतवॅं २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या-निवर्तले, तरी तो संग्रह थांबला नाही. ‘पारी’ या ग्रामीण भारतविषयक संग्रहाने तो पुढे सर्वांसाठी खुला केला. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’पासून ओव्यांची संकलने मराठीत आहेत आणि त्यांतील काहींचे वाङ्मयीन मोल मोठे आहे. मात्र त्यांत ओवी ‘समूहाची’ म्हणून येते आणि गाणारी बाई त्या समूहात विरून जाते. या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव येते. ओवी परंपरेने आलेली असली तरी ती या बाईने, या गावी म्हटली, ही गोष्ट नोंदण्याजोगी ठरते. ‘लोकसाहित्याचा कर्ता अज्ञात असतो’ हे पाठ्यपुस्तकातील वाक्य संकलकांच्या निष्काळजीपणाला फार काळ उपकारक ठरले आहे. कर्ता अज्ञात असेल. पण काल रात्री नाचलेला माणूस अज्ञात नसतो.

हाच न्याय बोहाड्याला लावावयाचा तर नोंदीचे एकक बदलावे लागेल. गाणे किंवा मुखवटा हे एकक न धरता ‘सोंग’ हे धरावयाचे. एका सोंगाच्या नोंदीत मुखवटा कोणी, कशाचा आणि साधारण केव्हा केला, तो शेवटचा कधी रंगविला, कोणत्या घरी असतो, मान वारशाने आला की लिलावाने की नवसाने, यंदा प्रत्यक्ष कोण नाचला, चाल कोणी वाजविली, तो वाजविणे कोणाकडून शिकला, सोंग कोठून निघाले आणि कोठे विसर्जित झाले, हे सारे आले पाहिजे. त्याच्या जोडीला प्रवेशाच्या वेळचे शब्द, तेही बोलीतील उच्चारांसह. येथे लेखकाच्या हाताला आवर घालण्याची गरज आहे. शाळेत रुळलेली प्रमाण मराठी लेखणीत आपोआप उतरते. ‘न’चा ‘ण’ होतो, क्रियापदांची रूपे सुधारली जातात, आणि वहीत उतरलेले गाणे गाणाऱ्यालाच परके वाटू लागते. गावातील शिकलेल्या तरुणाने वही नव्याने लिहून काढली असेल तर हे शुद्धीकरण गावातच होऊन गेलेले असण्याचा संभव आहे. अशा वेळी जुनी वही टाकून देऊ नये, एवढे सांगण्याचे काम तरी अभ्यासकाने करावे.

आज चित्रीकरण सर्वांच्या हाती आहे. भ्रमणध्वनीवर टिपलेले बोहाड्याचे तुकडे गावोगाव फिरतात आणि मुंबई-नाशिकला कामाला गेलेली मुले ते पाहतात, ही गोष्ट तुच्छ मानू नये. वारसा वाटून घेण्याची ती एक रीतच झाली आहे. तरी त्या चित्रणाच्या मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. सोंग वाटेने पुढे सरकत असते आणि वाजविणारे त्याच्या पुढ्यात, त्याच्याकडे तोंड करून मागे सरत असतात. चित्रण करणारा स्वाभाविकपणे सोंगाच्या समोर उभा राहतो. परिणामी वाजविणाऱ्यांची पाठ तेवढी दिसते, किंवा तेही चौकटीबाहेर जातात. सोंग आणि संबळ यांच्यातला जो संवाद हा या नृत्याचा प्राण, तो असा कापला जातो. कडेने चालत, दोघांना एका चौकटीत धरून केलेले एकाच सोंगाचे अखंड चित्रण हे पन्नास सोंगांच्या पन्नास तुकड्यांहून अभ्यासाला अधिक उपयोगी आहे. वाट पाहण्याचा काळही चित्रित व्हावा. दोन सोंगांच्या मधला रिकामा वेळ, झोपलेली मुले, चहा, उजेडाच्या कडेला चाललेली कुजबुज हाही त्या रात्रीचा भाग आहे. संपादनात तो प्रथम जातो.

सगळेच टिपावे काय, हा प्रश्न याहून नाजूक आहे. देवीच्या सोंगाला वारे येते. ज्याच्या अंगात वारे आले त्याची संमती त्या क्षणी घेता येत नाही, आणि आधी घेतलेली संमती त्या क्षणाला लागू पडते असे गृहीत धरणेही धाडसाचे आहे. कायद्याकडे पाहावे तर १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याचा हक्क मान्य झाला. पण तो व्यक्तीचा हक्क आहे. बोहाड्यातील सोंग घराण्याचे, चाल वाजविणाऱ्यांची आणि उत्सव गावाचा. युनेस्को आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटना यांनी १९८२ मध्ये लोकाभिव्यक्तीच्या संरक्षणासाठी नमुना तरतुदी तयार केल्या होत्या, परंतु गावाला या अर्थाने हक्कधारक मानणारी तरतूद आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात नाही. म्हणून या ठिकाणी कायद्याच्या पुढे जाऊन शिष्टाचाराचा आधार घ्यावा लागतो. काय दाखवावे आणि काय गावापुरते ठेवावे हे मानकऱ्यांच्या बैठकीत ठरावे, आणि ठरलेले नोंदीतच लिहून ठेवावे. संग्रहात एखादी जागा मोकळी दिसली तर ती का मोकळी आहे हे पुढील अभ्यासकाला कळले पाहिजे.

या निमित्ताने बदलाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. टेंभ्यांच्या जागी विजेचे दिवे आले, लाकडी मुखवट्यांच्या जोडीला फायबरचे आले, कोठे ध्वनिक्षेपक आले. अशा बदलांची नोंद करताना अभ्यासकांच्या लेखणीला हळहळ सुटते आणि ‘मूळ’ बोहाड्याचा शोध सुरू होतो. बॉइसच्या ढिगाप्रमाणे येथे काही संपत चालले आहे, अशी ही धारणा असते. परंतु लाकडी मुखवटा जड असतो आणि तो घेऊन नाचणे कष्टाचे असते; हलका मुखवटा आल्याने एखाद्या घराण्यातील पन्नाशीच्या माणसाला आपला मान स्वतः चालविता येत असेल, तर सहभागाच्या दृष्टीने तो लाभ आहे. याउलट सर्व काही ‘पारंपरिक’ ठेवून केवळ एका पथकाने शहरातील महोत्सवात रंगमंचावर दहा मिनिटे सादर केलेला बोहाडा मुखवट्यांनी अस्सल असेल. पण गाव, वाट, पहाट आणि मान यांतले काहीच त्यात नसते. अशा प्रयोगांनी कलावंतांना मानधन मिळते, तेव्हा त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार पगारदार अभ्यासकांना नाही. नोंद करताना मात्र तो बोहाड्याचा प्रयोग नसून बोहाड्यातील नृत्याचा प्रयोग आहे, असे स्पष्ट लिहावे.

राहता राहिला प्रश्न संग्रह कोठे ठेवावा हा. आजवरच्या संकलनांचा प्रवास एकाच दिशेने झाला आहे : गावातून विद्यापीठाकडे, विद्यापीठातून ग्रंथालयाच्या कपाटाकडे. अकोल्याच्या एखाद्या वाडीतील बोहाड्यावरचा प्रबंध त्या वाडीत पोहोचल्याची उदाहरणे विरळाच. सहभागातून घडलेल्या कृतीचा वारसा वाटावयाचा तर नोंदीची एक प्रत, छापील आणि मोठ्या अक्षरांत, गावात राहिली पाहिजे. ध्वनिचित्रण आश्रमशाळेत किंवा ग्रामपंचायतीत पाहता आले पाहिजे. आणि मुख्य म्हणजे त्या प्रतीत दुरुस्ती करण्याची मुभा गावाला असली पाहिजे. आपल्या घराण्याचा मान चुकीच्या घराण्याच्या नावे पडला असेल तर त्यावरून भांडण होईल. ते भांडणही तारखेनिशी समासात नोंदवावे. विद्यापीठातील प्रतीतही तीच दुरुस्ती व्हावी, यासाठी विभागाने दर वर्षी, शक्यतो उत्सव आटोपून मुखवटे फडक्यात गुंडाळले जाऊन घरोघरच्या माळ्यावर जाण्याच्या आधी, एक माणूस दोन्ही वह्या ताडून पाहण्यासाठी पाठवावा. पावसाळा लागला की पुन्हा त्या भागातील माणसे शेतात असतात आणि कोणाला विचारावयाचे तेच उरत नाही.